पडद्यावरचे तारे आणि हिंगोलीचा अंधार

महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी, अमावास्येच्या उंबरठ्यावरची रात्र. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ या ज्योतिर्लिंगाच्या ठिकाणी या दिवशी भाविकांची मोठी गर्दी होते. गावात दिव्यांचा लखलखाट असतो. पण गाव ओलांडून शिवारात गेले, की डोक्यावर चंद्राविना आकाश पसरलेले असते. मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही, इतकी ती स्पष्ट दिसतात.

हीच रात्र पुण्यामुंबईच्या सदनिकेत बसून संगणकाच्या पडद्यावरही पाहता येते. घरबसल्या विमान उडवण्याचा अनुभव देणाऱ्या फ्लाइट सिम्युलेटर या खेळात जगातील कोणतेही ठिकाण, कोणतीही तारीख आणि कोणतीही वेळ निवडता येते. हिंगोली जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. त्यामुळे उड्डाण नांदेडहून करावे लागते. तारीख १५ फेब्रुवारी २०२६, म्हणजे महाशिवरात्र. वेळ रात्री साडेआठ. छोटे विमान उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला कलत निघाले, की साठ-पासष्ट किलोमीटरचे हवाई अंतर कापून सतरा-अठरा मिनिटांत हिंगोली शहरावर पोहोचते. वाटेत उजव्या हाताला कळमनुरी आणि डाव्या हाताला औंढा राहते.

प्रश्न असा, की या प्रवासात विमानाच्या काचेतून जे आकाश दिसते, ते खरोखर हिंगोलीचे असते का? की कुठल्याही गावावर अंथरता येईल अशी ती नुसती चमचमती चादर असते? या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. तारे कोठे दिसावेत, हा पहिला भाग. तो तुलनेने सोपा आहे आणि चांगल्या सिम्युलेटरांनी तो सोडवला आहे. तारे किती दिसावेत आणि अंधार किती असावा, हा दुसरा भाग. तो अवघड आहे, आणि खरे पाहता महत्त्वाचाही तोच आहे.

रात्रीपासूनच सुरुवात

विमानोड्डाणाच्या कृत्रिम प्रशिक्षणात रात्रीच्या आकाशाला प्रारंभापासूनच मोठे स्थान आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रात्री दीर्घ पल्ल्यावर जाणाऱ्या विमानांना ताऱ्यांच्या उंचीवरून स्वतःचे स्थान काढावे लागे. त्यासाठी अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९४१ च्या सुमारास एक प्रशिक्षण यंत्र तयार केले. उंच कणगीसारखी इमारत, तिच्या आत विमानाच्या कक्षाची प्रतिकृती आणि वर घुमटावर दिव्यांचे तारे, अशी त्याची रचना होती. घुमट वेळेनुसार फिरत असे आणि शिकाऊ मार्गदर्शक कोनमापकाने ताऱ्यांची उंची मोजत असत. पुढे जेट विमाने आली तरी ताऱ्यांची ही सोबत लगेच सुटली नाही. सुरुवातीच्या बोइंग ७४७ विमानांच्या वैमानिक कक्षाच्या छताला कोनमापक बसवण्यासाठी झरोका ठेवलेला होता.

संगणकाने चित्र काढण्याचे तंत्र प्रशिक्षणात आले, तेव्हाही सुरुवात रात्रीपासूनच झाली. १९७० च्या दशकातील पहिल्या पिढीच्या यंत्रणा फक्त रात्रीचे दृश्य दाखवू शकत. दिवसाउजेडीची शेते, डोंगर आणि ढग काढण्याची ताकद त्या काळच्या संगणकांत नव्हती. काळ्या पडद्यावर धावपट्टीचे दिवे मात्र बिंदूंनी उमटवता येत. घरगुती खेळांचा काळ त्यानंतरचा. ब्रूस आर्टविक यांचा फ्लाइट सिम्युलेटर १९८० च्या सुमारास ॲपल संगणकावर आला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएमच्या संगणकासाठी बाजारात आणला. पुढे एक्स-प्लेन आला. १९९७ मध्ये फ्लाइटगिअर हा मोफत आणि मुक्त स्रोत सिम्युलेटर उपलब्ध झाला. मायक्रोसॉफ्टने दीर्घ खंडानंतर २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नव्या आवृत्त्या काढल्या.

देऊळ फिरते, आकाशही फिरते

ताऱ्यांच्या जागा अचूक दाखवण्याची पद्धत समजण्यास कठीण नाही. पृथ्वीवरील गावाला जसे अक्षांश आणि रेखांश असतात, तसे आकाशातील ताऱ्याला क्रांती आणि विषुवांश असतात. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या याद्या खगोलशास्त्रज्ञांनी फार पूर्वीच तयार केल्या आहेत. येल विद्यापीठाच्या प्रसिद्ध यादीत नऊ हजारांहून थोड्या अधिक ताऱ्यांची नोंद आहे. आजच्या संगणकाला ही संख्या किरकोळ आहे.

संगणक प्रत्येक तारा वेगवेगळा हलवत नाही. सर्व तारे एका मोठ्या गोलाच्या आतल्या बाजूस चिकटवलेले आहेत असे मानून तो संपूर्ण गोलच फिरवतो. संत नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळ फिरले अशी आख्यायिका आहे. येथे विमानात बसलेल्या खेळाडूभोवती सगळे आकाश फिरते. हा गोल किती फिरवायचा हे दोन गोष्टींवरून ठरते. पहिली गोष्ट अक्षांश, दुसरी नाक्षत्र काल. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे आणि सुमारे ४ सेकंदांत पूर्ण होते. म्हणूनच प्रत्येक तारा रोज जवळपास चार मिनिटे आधी उगवतो आणि महिन्याभरात हा फरक दोन तासांचा होतो. मृग नक्षत्र हिवाळ्यात संध्याकाळी दिसते आणि पावसाळा सुरू होताना सूर्याच्या उजेडात हरवते, त्याचे कारण हेच.

पृथ्वीच्या आसाच्या परांचन गतीमुळे ताऱ्यांच्या जागा वर्षाला सुमारे ५० विकलांनी सरकतात. एखाद्या सिम्युलेटरने इसवी सन २००० ची स्थाने तशीच वापरली, तरी पंचवीस वर्षांत पडणारी चूक पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या दोन तृतीयांशाएवढी असते. खेळाडूच्या नजरेला ती कळत नाही. ग्रहांचे आणि चंद्राचे गणित अधिक गुंतागुंतीचे असले, तरी तेही छापील सूत्रांत बांधलेले आहे. फ्लाइटगिअरमध्ये सूर्य, चंद्र, ग्रह आणि तारे निवडलेल्या तारखेनुसार आपापल्या मार्गाने चालतात.

हिंगोलीवरच्या पाच कसोट्या

सिम्युलेटर आकाशाबाबत प्रामाणिक आहे की नाही, हे कोणालाही घरी तपासता येते. त्यासाठी खगोलशास्त्राची पदवी लागत नाही. घड्याळाची खबरदारी मात्र आधी घ्यावी. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि सिम्युलेटरातील स्थानिक वेळेवर विसंबण्यापेक्षा वैमानिक जिला झुलू म्हणतात ती जागतिक वेळ भरणे सुरक्षित असते. रात्रीच्या साडेआठसाठी झुलू वेळ १५ वाजताची येते. शिवाय आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेली आहे आणि हिंगोली ७७ अंशांच्या थोडे पुढे आहे. त्यामुळे हिंगोलीचा सूर्य घड्याळाच्या सुमारे एकवीस मिनिटे मागे चालतो.

पहिली कसोटी ध्रुवाची. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढी असते. हिंगोलीचा अक्षांश १९.७ अंश आहे. नांदेडहून उत्तरेकडे जाताना ध्रुव विमानाच्या नाकासमोर, क्षितिजापासून साधारण वीस अंशांवर दिसला पाहिजे. हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढी ही उंची आहे. त्या वेळी ध्रुवाच्या डावीकडे शर्मिष्ठा उतरत असते आणि उजवीकडे सप्तर्षी चढत असतात.

दुसरी कसोटी अगस्त्याची. हिंगोलीवरून विमान परत नांदेडकडे वळवले, की दक्षिणेचे आकाश समोर येते. मृग नक्षत्र उंचावर, त्याच्या खाली डावीकडे व्याध आणि त्याच्याही खाली, क्षितिजापासून सतरा-अठरा अंशांवर अगस्त्य. रात्रीच्या आकाशात व्याधानंतर सर्वांत तेजस्वी तारा हाच. लंडन, पॅरिस किंवा सिएटल येथून अगस्त्य कधीच उगवत नाही. ज्या खेळाचे आकाश उत्तरेकडील देशांचे एकच चित्र सगळीकडे चिकटवून बनवलेले आहे, तो या कसोटीवर तत्काळ उघडा पडतो.

तिसरी कसोटी ग्रहांची. फेब्रुवारी २०२६ मध्ये गुरू मिथुन राशीत आहे. साडेआठच्या सुमारास तो पूर्वेकडे झुकलेला, पण जवळपास डोक्यावर दिसला पाहिजे. व्याधाहूनही तेजस्वी असलेला हा ठिपका गायब असेल, तर त्या सिम्युलेटरात ग्रहांची व्यवस्थाच नाही असे समजावे.

चौथी कसोटी चंद्राची. महाशिवरात्रीला संध्याकाळी चंद्र दिसताच कामा नये. दुसऱ्या दिवशी पहाटे, सूर्योदयाच्या थोडे आधी, त्याची अगदी बारीक कोर पूर्वेला येते. त्यानंतर तारीख पुढे सरकवून १९ फेब्रुवारीची संध्याकाळ निवडावी. पश्चिमेला दिसणारी कोर होडीसारखी जवळजवळ आडवी, दोन्ही टोके वर केलेली असली पाहिजे. शंकराच्या मस्तकी आणि मराठी बायकांच्या कपाळी चंद्रकोर काढली जाते, ती याच ठेवणीची. कारण आपल्या अक्षांशावर वर्षाच्या या दिवसांत ती तशीच दिसते. लंडनहून तीच कोर बरीच तिरकी दिसते. चंद्राचे तयार चित्र सगळीकडे एकाच कोनात टांगणारे खेळ येथे चुकतात.

पाचवी कसोटी संधिप्रकाशाची. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश गेला, की पूर्ण काळोख होतो. हिंगोलीत सूर्यास्तानंतर सुमारे सव्वा तासात ही स्थिती येते. लंडनला जूनमध्ये रात्रभर ती येतच नाही. ज्या सिम्युलेटरात अंधार सूर्याच्या स्थितीवरून नव्हे तर घड्याळाच्या काट्यावरून पडतो, तो येथे पकडला जातो.

आपल्या निरीक्षणाची खात्री करण्यासाठी स्टेलॅरियम या मोफत आकाशदर्शन प्रणालीत तेच ठिकाण आणि तीच वेळ भरून दोन्ही पडदे शेजारी ठेवता येतात. आजचे नावाजलेले सिम्युलेटर या कसोट्यांपैकी बहुतेकांवर उतरतात. अडचण यापुढे सुरू होते.

तारा बिंदूहून लहान, पडदा काळ्याहून उजळ

ताऱ्यांचे तेज प्रतींमध्ये मोजतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपटीचा फरक. व्याधाची प्रत उणे दीडच्या आसपास, तर नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याची प्रत सहा असते. म्हणजे या दोहोंच्या तेजात सुमारे हजारपटीचे अंतर आहे. सामान्य मॉनिटरचा सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांतील अंतरही साधारण हजारपटच असते. वरवर हे पुरेसे वाटते. पण त्याच पडद्यावर विमानातील उपकरणांचे दिवे, धावपट्टी आणि शहर दाखवायचे असते. सकाळी त्याच पडद्यावर सूर्यही उगवायचा असतो. सूर्य आणि सहाव्या प्रतीचा तारा यांच्या तेजातील अंतर दहा लाख कोटी पटींहून अधिक आहे. कोणताही पडदा ते पेलू शकत नाही. साहजिकच हे अंतर दाबून बसवावे लागते आणि दाबताना फिके तारे गरजेपेक्षा उजळ होतात किंवा पूर्णपणे नाहीसे होतात.

दुसरी अडचण पिक्सेलची. रुंदीत १९२० पिक्सेल असलेल्या पडद्यावर साठ अंशांचे दृश्य दाखवले, तर एक पिक्सेल आकाशाचा जवळपास दोन कलांचा तुकडा व्यापतो. प्रत्यक्ष ताऱ्याची तबकडी याच्या हजारो पटींनी लहान असते. तेज दाखवण्यासाठी मग ताऱ्याचा ठिपका फुगवावा लागतो. विमान किंचित हलले, की हा ठिपका एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि तारा लुकलुकल्यासारखा भासतो. ही लुकलुक खोटी. खरी लुकलुक हवेच्या थरांतील हालचालीमुळे होते आणि विमान ३५ हजार फुटांवर गेले, की तीन चतुर्थांशाहून अधिक हवा खाली राहिल्याने ती पुष्कळ कमी होते. क्षितिजाजवळचे तारे हवेच्या जाड थरातून पाहावे लागतात, म्हणून मंद दिसतात. अगस्त्याचे तेज हिंगोलीहून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाइतके कधीच दिसत नाही. चांगल्या सिम्युलेटराने या सर्व गोष्टी उंचीनुसार बदलल्या पाहिजेत.

तिसरी अडचण स्वतः माणसाच्या डोळ्याची. अंधाराला सरावण्यासाठी डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाहीत. म्हणून प्रत्यक्षात आकाशगंगा राखाडी, धुरकट पट्ट्यासारखी दिसते. अनेक खेळांत मात्र ती जांभळी-निळी, झगझगीत असते. कारण तिचे मूळ दीर्घकाळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या छायाचित्रांत असते. ती चित्रे खरीच असतात, पण ती कॅमेऱ्याने पाहिलेली असतात. वैमानिकाच्या डोळ्याला तसे आकाश कधीही दिसत नाही.

दिव्यांचा नकाशा

रात्रीचे आकाश जमिनीवरही अवलंबून असते. शहराचा उजेड हवेतील धूलिकणांवरून आणि रेणूंवरून विखुरतो, आकाश उजळवतो आणि तारे पुसून टाकतो. निर्मळ काळोखात क्षितिजावर एका वेळी अडीच-तीन हजार तारे दिसू शकतात. महानगराच्या मध्यभागी ही संख्या काही डझनांवर येते. प्रत्येक शहरावर आकाशाची ही उजळण वेगळी दाखवणे हे सिम्युलेटरपुढचे मोठे काम आहे. कित्येक खेळांत मुंबईच्या दिव्यांवरही हिंगोलीइतकेच तारे लटकत असतात.

जमिनीवरचे दिवे सिम्युलेटर उपग्रहछायाचित्रे आणि रस्त्यांचे नकाशे यांवरून मांडतात. एक्स-प्लेन ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून बनलेल्या नकाशाचा आधार घेतो, तर मायक्रोसॉफ्टची २०२० ची आवृत्ती बिंग नकाशांवर उभी आहे. एक्स-प्लेनच्या २०२२ मधील बाराव्या आवृत्तीने दिव्यांचे तेज अंदाजाने न ठरवता भौतिक मोजमापांत मांडण्याची पद्धत स्वीकारली. हा बदल योग्य दिशेचा आहे. पण नकाशात ज्या वाडी-तांड्याची नोंद नाही तेथे पडद्यावर दिवा लागत नाही, आणि जो कच्चा रस्ता चुकून मोठा रस्ता म्हणून नोंदला गेला त्यावर दिव्यांची रांग उजळते.

मराठवाड्यातील रात्र तर आणखी निराळी. भारनियमनाच्या वर्षांत येथील गावेच्या गावे ठरावीक तासांना नकाशावरून पुसल्यासारखी होत. शेतीपंपांना वीज रात्रीच्या पाळीत मिळाली, की बॅटऱ्यांचे ठिपके शिवारात हिंडू लागत. अशी रात्र कोणत्याही सिम्युलेटरात नाही. त्यात सगळे दिवे सूर्यास्ताला लागतात आणि सूर्योदयाला विझतात. सिद्धेश्वर आणि इसापूर धरणांचे जलाशय मात्र त्यात बऱ्यापैकी खरे वाटतात. कारण रात्रीच्या वेळी ते केवळ काळे असतात.

अंधाराचे मोल

हा सगळा काथ्याकूट खेळाच्या हौसेपुरता आहे, असे कोणाला वाटेल. पण रात्रीच्या आकाशाचा प्रश्न विमानोड्डाणात जीवन-मरणाचा आहे आणि त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण मुंबईच्याच किनाऱ्यावर घडले आहे.

१ जानेवारी १९७८ रोजी रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझ विमानतळावरून दुबईकडे निघाले. त्यात १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते. किनारा ओलांडताच पुढे काळा समुद्र आणि वर काळे आकाश होते. दोहोंना विभागणारी क्षितिजाची रेषा दिसत नव्हती. अशा वेळी विमान सरळ आहे की कलले आहे हे सांगण्यासाठी वैमानिकासमोर कृत्रिम क्षितिज दाखवणारे उपकरण असते. कप्तानाच्या बाजूच्या त्या उपकरणात बिघाड झाला आणि ते विमान उजवीकडे कलल्याचे दाखवत राहिले. प्रत्यक्षात विमान सरळ होत होते. उपकरणावर विश्वास ठेवून ते डावीकडे वळवले गेले, ते अधिकाधिक कलत गेले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापुढे समुद्रात कोसळले. सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. दिवसा हीच चूक बाहेर एक नजर टाकताच लक्षात आली असती.

माणसाच्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय संथ वळण ओळखू शकत नाही. ते काम डोळे करतात आणि डोळ्यांना क्षितिज लागते. चंद्र नसलेल्या रात्री, विरळ वस्तीवरून जाताना खाली तुरळक दिवे आणि वर तारे असतात. दोन्ही ठिपकेच. खालचे दिवे तारे वाटू लागतात, दिव्यांची तिरपी रांग क्षितिज भासते आणि वैमानिक नकळत विमान तिरपे करतो. अंधारात एकाच दिव्याकडे टक लावून पाहिले, की तो स्थिर असूनही हलू लागतो. काळ्या भूभागापलीकडे फक्त धावपट्टीचे दिवे दिसत असले, तर आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असा भास होऊन विमान गरजेपेक्षा खाली आणले जाते. वैमानिकांच्या प्रशिक्षणात हे सर्व भास शिकवले जातात.

नांदेड ते हिंगोली हा महाशिवरात्रीच्या रात्रीचा मार्ग अशा भासांसाठी अगदी योग्य आहे. पण बहुतेक खेळांत तो अनुभव येत नाही. निर्मात्यांना पडदा अगदी काळा ठेवणे परवडत नाही. काहीच दिसत नाही अशी तक्रार खेळाडू करतात. म्हणून मध्यरात्रीही क्षितिजावर निळसर उजेडाची किनार ठेवली जाते, जमीन थोडी उजळवली जाते, तारे मोठे केले जातात. रात्र देखणी होते आणि तिच्यातील धोका निघून जातो. नेमके जे शिकायला हवे, ते अशा रीतीने गाळले जाते. प्रशिक्षणाची खरी यंत्रे निराळी असतात. तेथे अंधार हाही अभ्यासाचा विषय असतो. घरगुती खेळाला त्यांची सर येणार नाही. तरीही वैमानिक होऊ पाहणाऱ्या अनेक मुलांची रात्रीच्या उड्डाणाशी पहिली ओळख याच पडद्यावर होते, हे विसरता येत नाही.

खेळाडूला आपल्या परीने काही सुधारणा करता येतात. खोलीतील ट्यूबलाइट बंद करावी, मॉनिटरची उजळता कमी करावी, विमानातील उपकरणांचे दिवे मंद ठेवावेत आणि डोळ्यांना अर्धा तास द्यावा. ज्यांच्याकडे ओएलईडी प्रकारचा पडदा आहे त्यांचा काळा रंग खरोखर काळा असतो, कारण त्यात न लागणारे बिंदू पूर्ण विझतात. जेथे सोय असेल तेथे ताऱ्यांचा आकार आणि आकाशगंगेचे तेज खाली आणावे. मग हिंगोलीवरची रात्र कमी देखणी, पण अधिक खरी होते.

खरे आकाश कोणाचे?

हिंगोलीचे नाव अलीकडे जगभरच्या वैज्ञानिकांच्या तोंडी आहे ते वेगळ्या कारणाने. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारली जाणार असून तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा हे तिचे स्वरूप आहे. जागा निवडताना पाहिली गेली ती जमिनीची स्थिरता, म्हणजे कंपनांचा अभाव. ही वेधशाळा ताऱ्यांचा प्रकाश गोळा करत नाही. त्यामुळे तिच्यासाठी जमीन शांत हवी, आकाश काळे असलेच पाहिजे असे नाही. वेधशाळा आली म्हणून हिंगोलीचा अंधार आपोआप राखला जाईल, असे समजणे चुकीचे ठरेल.

अंधार राखण्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी तेथील दिवे खाली वळवण्याची आणि अनावश्यक उजेड टाळण्याची शिस्त पाळावी लागते. इतरत्र मात्र उजेड वाढतोच आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक प्रकाशप्रदूषणाच्या नकाशानुसार जगातील एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्येला आकाशगंगा दिसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः युरोप आणि अमेरिकेतील हजारो नागरिकांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासात आकाशाची उजळण वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. या वेगाने आठ वर्षांच्या आत ती दुप्पट होते. रस्त्यांवरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, तेव्हापासून निळसर प्रकाशाचे प्रमाण वाढले आहे आणि हा प्रकाश हवेत अधिक विखुरतो.

सिम्युलेटरचे निर्माते त्यांचे आकाश दर आवृत्तीत थोडे थोडे खऱ्याजवळ नेत आहेत. त्याच वर्षांत खरे आकाश मात्र हळूहळू फिकट होत चालले आहे. शहरातील मुलाला व्याध आणि अगस्त्य पहिल्यांदा पडद्यावर भेटत असतील, तर त्यात वाईट काही नाही. ओळख कोठेही होऊ शकते. फक्त ती पडद्यावरच थांबू नये. वर दिलेल्या पाच कसोट्या खेळात लावून झाल्यावर त्याच मुलाला एखाद्या चंद्रहीन रात्री नर्सी किंवा औंढ्याच्या शिवारात, दिव्यांपासून दूर नेऊन उभे करावे. अर्धा तास बॅटरी लावू नये. उत्तरेला दोन मुठींवर ध्रुव आणि दक्षिणेला खाली अगस्त्य सापडला, की खेळातले आकाश किती खरे होते हे ते स्वतःच सांगेल.